बेचाळीस स्लाइड आणि एक टॉर्च

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्या वाचनात तो संगणकाचा वाटला, दुसऱ्या वाचनात वेगळाच निघाला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात सांगते. तुम्ही छत्तिसाव्या वर्षी शिक्षक-प्रशिक्षणाला आलात. 'ऋतू कसे होतात' या घटकाच्या सराव पाठासाठी तीन रात्री जागून ४२ स्लाइड आणि दोन ॲनिमेशन तयार केलीत. वर्गात प्रोजेक्टर लागायला ८ मिनिटं गेली, घंटा झाली तेव्हा तुम्ही २९व्या स्लाइडवर होतात, आणि निरीक्षकांनी शेरा लिहिला: 'तंत्रज्ञानाचा अतिरेक'. त्याच्या आधीचा पाठ तुम्ही फळा आणि तक्त्यावर घेतला होता, तिथे शेरा होता: 'शैक्षणिक साधनांचा वापर अपुरा'. आता तुम्ही विचारताय की सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स लावू का, कोणती ॲप आधी शिकू, पाठ टाचण एआयकडून करून घेतलं तर चालेल का, आणि बरोबरची बावीस-तेवीस वर्षांची मुलं हे सगळं चुटकीसरशी करतात तर आपलं वय आड येतंय का. येत्या सोमवारी तोच घटक दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घ्यायचा आहे.

वयाचं आधी निकालात काढते. मी सोळा वर्षं शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवला, आणि गेली अकरा वर्षं छात्राध्यापकांचे पाठ शेवटच्या बाकावर बसून बघते आहे. तरुण मंडळींची बोटं फोनवर झरझर चालतात हे खरं. पण वर्गात उभी राहिली की तीही तुमच्यासारख्याच ४२ स्लाइड दाखवतात, फक्त त्यांच्या स्लाइडवर अक्षरं उड्या मारत येतात. उशिरा आलेल्यांना एक गोष्ट मात्र लवकर जमते, असं मला दिसलंय. समोरच्याला आपलं बोलणं पोचलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणं. पोराबाळांशी किंवा गिऱ्हाइकांशी बोलून ते अंगी आलेलं असतं. त्याच्यापुढे केबल आणि बटणं ही महिन्याभराची बाब आहे.

आता ते दोन शेरे. तुम्हाला ते एकमेकांच्या उलट वाटले. मी तुमचे पाठ पाहिलेले नाहीत, त्यामुळे माझा अंदाज अंदाज म्हणूनच घ्या. पण मला ती एकाच दुखण्याची दोन नावं वाटतात. तुमच्या प्रश्नात स्लाइडची संख्या आहे, मिनिटं आहेत, शेरे आहेत, प्रोजेक्टरच्या रंगीत वायरींची तक्रारही आहे. एकाही मुलानं काय उत्तर दिलं, ते मात्र कुठेच नाही. तक्त्याच्या पाठातही नाही आणि स्लाइडच्या पाठातही नाही. निरीक्षकाला मागच्या बाकावरून नेमकं हेच खटकतं, पण त्याच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो. मग तो जवळचा रकाना शोधतो आणि 'अपुरा' किंवा 'अतिरेक' लिहून मोकळा होतो. मीही असले शेरे लिहिलेत, त्यामुळे आमच्या जमातीची ही खोड मला चांगली ठाऊक आहे.

म्हणून 'कोणतं ॲप शिकू' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याच्या आधीचा प्रश्न असा आहे: या घटकात मुलं नेमकी कुठे अडतात? ती जागा सापडली की साधन निवडणं सोपं होतं. सापडली नाही, तर कितीही साधनं आणा, ती शोभेचीच राहतात.

ऋतूंचाच घटक घेऊ. तो तुमच्यासमोर आहे, आणि त्यात मी स्वतः सपशेल आपटले आहे.

शाळेत असताना मला पहिल्यांदा प्रोजेक्टर मिळाला, त्या आठवड्यात मी हाच धडा घेतला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते आहे असं एक देखणं ॲनिमेशन होतं. कक्षा बाजूनं, जरा वरून बघितल्यासारखी काढलेली, त्यामुळे चांगली लांबट अंडाकृती दिसत होती. वर्ग इतका शांत की मी मनात म्हटलं, चला, जमलं. आठवड्यानं चाचणी घेतली. 'उन्हाळा का येतो?' अर्ध्याहून जास्त वर्गानं लिहिलं होतं: 'पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.' एका मुलाला बोलावून विचारलं, हे कुठून आणलंस? तो गोंधळून म्हणाला, "बाई, तुम्हीच दाखवलं ना. त्या टोकाला पृथ्वी लांब जाते."

त्याचं बरोबर होतं, मीच दाखवलं होतं. जवळ गेलं की गरम आणि लांब गेलं की गार, ही समजूत मुलं शेकोटीपासून शिकून आलेली असतात. माझ्या ॲनिमेशननं तिला चित्र पुरवलं. प्रत्यक्षात पृथ्वीची कक्षा जवळजवळ गोल आहे. सूर्यापासूनचं कमीत कमी अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, जास्तीत जास्त सुमारे १५.२ कोटी. म्हणजे फरक तीनेक टक्क्यांचा. आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तर गोलार्धात ऐन हिवाळ्यात. ही एवढी एकच माहिती वर्गासमोर ठेवली असती तरी त्या समजुतीला तडा गेला असता. पण समजूत अशी आहे हेच मला ठाऊक नव्हतं, कारण दाखवण्याच्या आधी मी विचारलंच नव्हतं.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एक मुद्दा मांडला, तो आता प्रशिक्षणाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि 'हा घटक शिकताना मुलं कुठे घसरतात व कोणत्या उदाहरणानं सावरतात' हे ज्ञान त्या दोन्हींहून वेगळं. पुढे २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर या संशोधकांनी त्यात तंत्रज्ञानाचं वर्तुळ जोडलं. तुमच्या नोट्समध्ये 'टीपॅक' नावाची तीन छेदणारी वर्तुळं असतील ती हीच. परीक्षेला सगळे ती आकृती झकास काढतात. तिचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की तिसरं वर्तुळ सुटं शिकून भागत नाही. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये तुम्हाला नेमकं ते सुटं वर्तुळ मिळेल: पत्राचा मसुदा, पगाराचा तक्ता, स्लाइडला पार्श्वभूमी. नोकरीसाठी प्रमाणपत्र लागत असेल तर जरूर करा, तो वेगळा हिशोब आहे. पण त्यानं सोमवारचा पाठ सुधारणार नाही.

नव्या यंत्रानं शाळा बदलेल ही आशा जुनी आहे. थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये सांगितलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच जातील आणि सगळं ज्ञान चित्रपटांतून देता येईल. पुस्तकं गेली नाहीत. १९८३ मध्ये शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी दुसऱ्या टोकाचं विधान केलं. माध्यम म्हणजे किराणा आणणारा ट्रक. ट्रक बदलल्यानं आपल्या पोषणात फरक पडत नाही. मला हे विधान निम्मं पटतं. ट्रक बदलून धान्य बदलत नाही, हे खरं. पण काही माल असा असतो की तो न्यायला विशिष्ट गाडीच लागते. त्रिकोणाचा एक कोपरा ओढला तरी तिन्ही कोनांची बेरीज १८०च राहते, हे फळ्यावर शंभर त्रिकोण काढूनही दिसत नाही. जिओजेब्रा या गणिताच्या ॲपमध्ये कोपरा बोटानं ओढला की दिसतं. ऋतूंचं तसं नाही. तिथे पडद्यापेक्षा टॉर्च भारी पडतो.

टॉर्चचा पाठ मी एका छात्राध्यापिकेकडून शिकले. माझ्या आधी तिनं तो घेतला, हे मोकळेपणानं कबूल करते. तिच्याकडे एक साधा टॉर्च, पुठ्ठ्यावर चिकटवलेला चौकटीचा कागद आणि स्वतःचा फोन होता. खिडक्या लोटून घेतल्या. टॉर्च वर धरून सरळ खाली मारला. कागदावर उजेडाचा गोल पडला. एका मुलीनं पेन्सिलीनं कड आखली आणि चौकटी मोजल्या: ३८. मग टॉर्च तिथेच, तितक्याच उंचीवर ठेवून खालचा पुठ्ठा चांगला तिरपा केला. गोल लांबला, फिकटला. मोजल्या: ६१. फोनचा कॅमेरा हे सगळं वरून पडद्यावर दाखवत होता, त्यामुळे शेवटच्या बाकावरून मलाही चौकटी मोजता येत होत्या. तिनं एकच विचारलं: "टॉर्च बदलला का? जवळ-लांब केला का? मग प्रत्येक चौकटीला उजेड कमी का आला?" आणि ती गप्प बसली. खरोखर गप्प. मी मनात आकडे मोजले, सहा झाले. मग एक मुलगा म्हणाला, "तेवढाच उजेड, पण वाटेकरी वाढले."

वाटेकरी! अक्षाचा २३.५ अंशांचा कल, तिरपे किरण, दिवसाची लांबी हे सगळं पुढे त्या एका शब्दाला टांगता आलं. त्या पाठात तंत्रज्ञान किती होतं? एक फोन आणि एक केबल. पण ते अडलेल्या जागेवर होतं. टेबलावर घडणारी बोटभर गोष्ट पन्नास जणांना एकदम दिसत नाही, ही अडचण होती आणि फोननं ती सोडवली. निरीक्षकाच्या रकान्यात मी त्या दिवशी काय लिहिलं ते आठवत नाही. वाटेकरी आठवतात.

मेरी बड रो या संशोधिकेनं शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून मोजले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. ते थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. स्लाइडनं हे थांबणं आणखी तोडतं, कारण पुढची स्लाइड वाट बघत असते आणि त्यावर उत्तर आयतं छापलेलं असतं. ३५ मिनिटांत ४२ स्लाइड म्हणजे एका स्लाइडला ५० सेकंद. त्यात तुम्ही बोलणार, मुलं बघणार आणि विचारही करणार? तुम्ही हुशार असा वा नसा, हे गणितच बसत नाही.

स्लाइडच्या बाबतीत आणखी एक सवय मोडा: पडद्यावरचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. चित्र आणि बोलणं यांच्या जोडीला तेच बोलणं पडद्यावर अक्षरांतही दिलं, तर समजायला मदत होण्याऐवजी बहुधा अडथळाच होतो. डोळे अक्षरांवर, कान तुमच्याकडे, आणि चित्राकडे कोणीच नाही. याला अपवाद आहेत. वर्गात ऐकू न येणारं मूल असेल, किंवा धड्याची भाषा मुलांच्या घरची नसेल, तर अक्षरं हवीतच. एरवी स्लाइडवर चित्र ठेवा आणि बोलायचं ते तोंडानं बोला. बारीकशी युक्ती सांगते, कारण ती कोणत्याच प्रशिक्षणात मला कोणी सांगितली नव्हती: पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं 'बी' बटण दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. चर्चा सुरू झाली की पडदा काळा करा. वर्गाची मान आपोआप तुमच्याकडे वळते.

इथवर जे म्हटलं ते एका दमात सांगायचं तर: आधी मुलांची समजूत विचारा, अडलेली जागा हेरा, तिथेच साधन वापरा, आणि बाकीच्या वेळी ते झाकून ठेवा. आता शिकायचं काय आणि कसं, ते.

पहिली गोष्ट तुम्हाला क्षुल्लक वाटेल: जोडणी. लॅपटॉप किंवा फोन पडद्याला जोडणं, आवाज चालू करणं, फाइल उघडणं. तुमची ८ मिनिटं इथेच गेली. हे समजून येत नाही, हाताला सवय लागावी लागते. मोकळ्या वर्गात जाऊन पाच वेळा सगळं जोडा आणि पाच वेळा सोडवा, घड्याळ लावून. पहिल्यांदा मला अकरा मिनिटं लागली होती, पाचव्यांदा दीड. हे इतकं हाताचं व्हायला हवं की जोडता जोडता तुम्ही मुलांशी बोलू शकाल. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांचा बोधात्मक भाराचा सिद्धांत १९८८ पासून मुलांच्या संदर्भात सांगितला जातो: एका वेळी डोक्यात मोजक्याच गोष्टी मावतात. तो शिक्षकालाही लागू आहे. डोकं केबलमध्ये अडकलं तर वर्गासाठी उरत नाही. फाइल पेन ड्राइव्हवरही ठेवा, व्हिडिओ आधीच उतरवून घ्या, आणि मनाशी एक नियम करा: दोन मिनिटांत लागलं नाही तर सोडून द्यायचं आणि फळ्याकडे वळायचं. वर्गासमोर मेनू उघडत बसलेली पाठमोरी शिक्षिका बघण्याइतकं कंटाळवाणं मुलांना दुसरं काही नसतं.

दुसरी गोष्ट वर सांगितलीच, फोनचा कॅमेरा पडद्यावर. एका मुलाची वही त्याला विचारून पडद्यावर घ्या, नाव झाकून, आणि वर्गाला सांगा, 'यानं तिसऱ्या पायरीपर्यंत बरोबर केलंय, पुढे काय झालं असेल?' भाषा, गणित, विज्ञान, चित्रकला, कुठेही चालतं. महागडा डॉक्युमेंट कॅमेरा असला तर उत्तम, नसला तर फोन दोन उंच पुस्तकांच्या ढिगांवर आडवा ठेवा. माझ्या मते नव्या शिक्षकाला सगळ्यात जास्त परतावा देणारं साधन हेच आहे, आणि त्यावर कार्यशाळा कोणी घेत नाही कारण त्यात शिकवण्यासारखं जेमतेम दहा मिनिटांचं आहे.

तिसरी, सगळ्या वर्गाचं उत्तर एकदम बघण्याची सोय. हात वर करायला सांगितलं की तेच पाच हात वर येतात आणि आपण फसतो. वर्गात मुलांकडे उपकरणं नसतील तर प्लिकर्स हे ॲप बघा. प्रत्येक मुलाला ठिपक्यांसारखी नक्षी असलेलं एक कागदी कार्ड, ते चारपैकी कोणत्या बाजूनं धरलं त्यावर उत्तर ठरतं, आणि तुम्ही एका फोननं वर्गावरून कॅमेरा फिरवला की सगळ्यांची उत्तरं टिपली जातात. फोनही नको असेल तर चार रंगांचे कागद पुरतात. खरी कसोटी प्रश्न रचण्याची आहे. '०.४५ मोठं की ०.५?' असा प्रश्न असावा, जिथे चुकीच्या उत्तरामागे ठराविक विचार दिसतो: पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ पासून अशा प्रश्नांवर तास चालवत आले. त्यांचा ठोकताळा असा: साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर समजावत बसू नका, शेजाऱ्याला पटवायला सांगा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. त्याहून कमी आली तर तुम्हीच पुन्हा शिकवा, जास्त आली तर पुढे जा. मी हे सातवीवर करून पाहिलंय. पहिल्या वेळी प्रचंड गोंगाट झाला आणि शेजारच्या वर्गाच्या बाई येऊन डोकावून गेल्या. दुसऱ्या वेळेपासून तो कामाचा गोंगाट झाला.

त्यानंतर एखादं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर बदल करून बघता येणारा प्रयोग. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी नोबेल मिळाल्यानंतरच्या वर्षी, २००२ मध्ये, कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातली विज्ञान-गणिताची सिम्युलेशन फुकट आहेत आणि कित्येक मराठीतही आहेत. फक्त दाखवायच्या आधी मुलांना अंदाज लिहायला लावा. 'बल्ब आणखी एक जोडला तर पहिल्याचा उजेड कमी होईल, वाढेल, की तितकाच राहील?' वहीत लिहून झाल्यावरच बटण दाबायचं. अंदाज न लिहिता पाहिलेलं सिम्युलेशन म्हणजे रंगीत करमणूक. माझ्या त्या अंडाकृती कक्षेसारखी.

तुमच्या वर्गात 'सामर'ची, म्हणजे तंत्रज्ञानानं पाठ किती बदलला ते मोजणारी, चार पायऱ्यांची शिडी शिकवली असेल: जुन्याच्या जागी नवं, मग भर, मग बदल, मग नवरचना. वरची पायरी म्हणजे चांगला पाठ, असं बरेच छात्राध्यापक धरून चालतात. मी तसं मानत नाही. टॉर्चच्या पाठातला फोन त्या शिडीवर पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच असेल. चढण्यासाठी चढू नका.

एआयबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पाठ टाचण तो अर्ध्या मिनिटात देतो, आणि ते टाचण वाचायला गुळगुळीत असतं: उद्दिष्टं, प्रस्तावना, विकास, उपयोजन, सगळे मथळे जागच्या जागी. पण 'मुलं इथे काय चुकीचं बोलतील?' याचा विचार करत रात्री अडकून बसणं, हेच तर तुमचं प्रशिक्षण आहे. ते काम दुसऱ्यानं केलं तर टाचण तयार होतं, शिक्षक होत नाही. दहा वर्षं शिकवलेल्या माणसानं ते वापरणं वेगळं, कारण त्याला टाचणातली भोकं दिसतात. तुम्ही ते उलट्या दिशेनं वापरा. आधी स्वतः टाचण लिहा. मग एआयला विचारा, 'या घटकात मुलांच्या कोणत्या चुकीच्या समजुती असतात?', आणि येणारी यादी पाठ्यपुस्तकाशी, अनुभवी शिक्षकाशी ताडून बघा. तो चुकीची माहितीही तितक्याच आत्मविश्वासानं सांगतो, हे विसरू नका. आणि मुलांची नावं, गुण, फोटो कुठल्याही ॲपमध्ये घालू नका. हजेरी क्रमांक पुरतो.

एक साधन मात्र असं आहे जे मुलांसाठी नसून तुमच्यासाठी आहे, आणि यादीत ते सर्वांत वर हवं होतं. स्वतःच्या पाठाचं चित्रीकरण. सूक्ष्म अध्यापन तुम्ही केलं असेल. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी ते घडवलं तेव्हा त्यात व्हिडिओ होता. पाच-दहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, मग स्वतःला पडद्यावर बघणं, आणि लगेच तोच पाठ पुन्हा. आज आपण बाकी सगळं ठेवलं आणि बऱ्याच ठिकाणी बघणंच गाळलं. फोन मागच्या बाकावर उभा करा, कॅमेरा तुमच्यावर राहू द्या, मुलांचे चेहरे शक्यतो नकोत, आणि शाळेची परवानगी आधी घ्या. घरी बघताना पहिली पाच मिनिटं आपला आवाज आणि साडी याकडेच लक्ष जातं, त्याला इलाज नाही. नंतर फक्त एक मोजा: मी किती प्रश्न विचारले आणि प्रत्येकानंतर किती सेकंद थांबले. मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सतरापैकी नऊ प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण कुठल्याही निरीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडलं.

हे सगळं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. वर्गात वीस मुलं की साठ, वीज टिकते की जाते, मुलांच्या हातात उपकरणं आहेत का, तुम्ही दुसरीला शिकवणार की नववीला, भाषा की गणित. लहान वर्गांना पडद्याआधी हातात धरता येणाऱ्या वस्तू द्या, याबाबत माझ्या मनात शंका नाही. नववीच्या आलेखांना पडदा फार उपयोगी. आणि तुमच्या संस्थेच्या मूल्यमापनाच्या कागदावर 'तंत्रज्ञानाचा वापर' असा रकाना असेल तर तो भरावाच लागेल. गुण तुम्हाला हवे आहेत, त्यात कमीपणा नाही. अशा वेळी टाचणातच एक ओळ लिहा: 'हे साधन इथे का'. निरीक्षक ती ओळ वाचतो. मी तरी वाचते, आणि ती असली की शेरा लिहिण्याआधी हात थांबतो.

आता सोमवार. ४२ पैकी तीन स्लाइड ठेवा. पहिल्या स्लाइडवर फक्त प्रश्न, 'उन्हाळा का येतो?', आणि चार पर्याय, ज्यात 'पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते' हा असलाच पाहिजे. उत्तरं घ्या, बरोबर-चूक सांगू नका. दुसऱ्या स्लाइडवर ते दोन आकडे, १४.७ आणि १५.२ कोटी किलोमीटर, आणि 'सर्वांत जवळ: जानेवारी'. वर्गात चुळबुळ होईल, होऊ द्या. मग पडदा काळा करा आणि टॉर्च काढा. ॲनिमेशन दाखवायचंच असेल तर शेवटी, आणि मुलांनाच विचारा की या चित्रात काय चुकीचं वाटतं. तिसरी स्लाइड म्हणजे पहिलाच प्रश्न पुन्हा. दोन्ही वेळची उत्तरं टिपून ठेवा आणि पाठानंतर निरीक्षकांना तो कागद दाखवा.

टॉर्चचा उजेड मऊ, पसरट असेल तर गोलाची कड नीट दिसत नाही. काळ्या कागदाची नळी करून तोंडाला लावा, आणि रविवारी संध्याकाळी एकदा खोली अंधारी करून चौकटी स्वतः मोजून बघा. पुठ्ठा किती तिरपा केल्यावर फरक मागच्या बाकापर्यंत दिसतो, ते तेव्हाच कळेल.